नयनच्या पाठीवरचा डबा

मी डबा बोलतोय. बोलतोय म्हणजे आतल्या आत. माझं तोंड एमसीलने बंद केलेलं आहे, तेही दोनदा. त्यामुळे बाहेर काही जात नाही. तुम्हाला ऐकू येत असेल तर तो तुमचा प्रॉब्लेम. पण आलाच आहात तर ऐका.

पाच लिटरचा, पांढरा, प्लॅस्टिकचा. जन्म डोंबिवली एमआयडीसीतला. गरम प्लॅस्टिकची नळी साच्यात धरली, आत जोरात हवा फुंकली, झालो मी. आईबाप विचाराल तर एक मशीन आणि एक कंटाळलेला ऑपरेटर. आत हवा भरली हाच माझा जन्म. पुढे सगळी इज्जत ह्या हवेवरच होती. ती कशी गेली तेच सांगायचंय.

आधी माझ्यात फिनेल होतं. सायकलवर फिरणाऱ्या माणसाकडून मला कमळाबाईने घेतलं. कमळाबाई म्हणजे ठाण्याजवळच्या दिव्याच्या जुन्या गावातली, रघुशेठची बायको. एकेकाळी त्यांची भातशेती होती, खाडीला मिठागर होतं. आता तिथे टॉवर आहेत. उरलं काय, तर टॉवरच्या मागची एक पायऱ्यांची विहीर. टॉवरमध्ये पाणी येत नाही. विहिरीत पाणी आहे. मग रघुशेठने दोन टँकर घेतले. बिझनेस आपोआप झाला.

फिनेल संपल्यावर कमळाबाईने मला उन्हात वाळवलं, झाकणात सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला आणि माझं करिअर बदललं.

आमच्या गावात पोहायला शिकवतात ते असं. रिकामा डबा घ्यायचा, झाकण घट्ट लावायचं, जुन्या साडीच्या पट्टीने पोराच्या पाठीवर बांधायचा आणि पोराला विहिरीत ढकलायचं. पोर बुडत नाही, कारण डबा बुडत नाही. डबा बुडत नाही, कारण त्याच्या आत काही नाही. आत काही नसण्याचा एवढा फायदा दुसऱ्या कोणाला झालेला मी बघितला नाही. माणसांना तर अजिबातच नाही.

पोरांची आपापसात एक युक्ती होती. मोठ्यांना ती माहीत नव्हती. शिकणाऱ्याला कळू न देता डब्यात रोज थोडं पाणी भरायचं. डबा हळूहळू भरतो, उचलायचं बंद करतो, पण पोराला वाटतं डबा आहे ना पाठीवर. ते पोहत राहतं. मग एक दिवस सगळ्यांसमोर झाकण उघडून पाणी ओतून दाखवायचं. पोर आधी घाबरतं, मग शिव्या देतं, मग हसतं. आणि डबा फेकून देतं. शिकवणाऱ्याची एवढी सरळ बेइज्जती दुसऱ्या कुठल्या शाळेत होत नसेल.

करिश्मा, रघुशेठची मुलगी, अशीच शिकली माझ्यावर. तिच्या मैत्रिणी शिकल्या. तिचा मोठा भाऊ नयन तेव्हा काठावर बसून सगळ्यांचे कपडे सांभाळायचा. त्याला एकदा कोणीतरी मला न बांधताच ढकललेलं. तेव्हापासून तो फक्त कपडे सांभाळायचा. छान सांभाळायचा, एकाचीही चड्डी हरवली नाही.

मग पोरं मोठी झाली आणि मी माळ्यावर गेलो. बरीच वर्षं गेली. माळ्यावर काय होतं ते सांगत नाही. काही झालंच नाही.

नयन मोठा होऊन फोन उचलायला लागला. टँकरचा धंदा म्हणजे गाडी बाप बघतो आणि शिव्या मुलगा खातो. अख्ख्या दिव्याचा घसा कोरडा आणि नंबर नयनचा. तो जेवत असो, संडासात असो, फोन वाजायचाच.

"काय रे, टँकर कुठाय? पोरांना दूध पाजू की आंघोळ घालू दुधाने?"

"काकी, निघालाय. दहा मिनिटांत."

"सकाळपासून दहाच मिनिटं चाललीयत तुझी!"

तो कोणाला उलट बोलायचा नाही. फोन ठेवून भिंतीकडे बघायचा. भिंत बिचारी काय बोलणार.

एकदा मित्रांबरोबर तो मालवणला गेला. तिथे टुरिस्ट लोकांना पाठीवर हवेची टाकी लावून समुद्रात खाली नेतात. पोहता यायला लागत नाही, एक माणूस वरून धरून असतो. नयन खाली गेला. मासे बघितले का, तर नाही. त्याने एवढंच बघितलं की खाली कोणी बोलत नाही. बोलूच शकत नाही. तोंडात नळी असते. आणि फोन वर बोटीत.

घरी येऊन त्याने करिश्माला सांगितलं, "मला हेच काम करायचंय. लोकांना खाली न्यायचं. दिवसभर पाण्याखाली, दिवसभर चूप."

करिश्मा हसली नाही. ती सहसा सगळ्याला हसते. ती म्हणाली, "दाद्या, तुला पोहता येत नाही."

"शिकेन ना."

गुणाजी नावाचा मालवणचा बोटवाला. तो म्हणाला, ठाण्याच्या स्विमिंग पूलवर डायव्हिंगचा कोर्स आहे, तो करून ये, मी कामावर ठेवतो. कोर्सला घ्यायच्या आधी पोहण्याची टेस्ट. सर होते सुशांत म्हणून, डोंबिवलीचे, मऊ बोलणारे. त्यांनी फोनवर सांगितलं, "दोनशे मीटर पोहायचं, न थांबता. स्पीडची अट नाही. मग दहा मिनिटं तरंगायचं, कशालाही न धरता. बस."

"सर, दहा मिनिटं म्हणजे खरी दहा, का टँकरवाली?"

सरांना कळलं नाही. "दहा म्हणजे दहा, हो."

रघुशेठला कळल्यावर ते जेवता जेवता म्हणाले, "पास झालास तं जा. मी नाय आडवनार. नाय झालास तं ह्यो फोन तुजा, टँकर तुजा, हिर तुजी. मंग मना परत मालवन ऐकवाचा नाय."

नयन म्हणाला, "चालेल."

कमळाबाई म्हणाली, "आरं, दर्याच्या काठची आपन मानसा, आन् परीक्षा ठान्याला?" तिला ह्यातलं एवढंच खटकलं.

मला माळ्यावरून काढलं. धूळ पुसली. मी खूश होतो, खोटं कशाला बोलू.

रोज सकाळी रघुशेठ मोटर लावायच्या आधी दोघं विहिरीवर यायचे. नयन पायऱ्या उतरून छातीभर पाण्यात बसायचा आणि करिश्मा मला पाण्यातच त्याच्या पाठीवर बांधायची. पहिल्या दिवशी तो माझ्यासकट पायरीलाच चिकटून बसला. दुसऱ्या दिवशी सुटला. बैल पोहेल तसा पोहायचा, मान वर, डोळे मोठे. विहीर गोल, त्यामुळे काठाकाठाने डावीकडे वळत गोल गोल फिरायचा. पोहणं म्हणजे डावीकडे वळणं, असंच त्याच्या अंगात बसलं.

"दाद्या, हात पूर्ण मार! भजी तळतोयस काय?"

"तू गप गं. तू काय ऑलिम्पिकला गेलेलीस?"

"मी डबा सोडलेला माहितीय ना? सातवीत!"

मग करिश्माने जुनी युक्ती काढली. रोज बांधायच्या आधी ती मला पाण्याखाली धरायची, झाकण ढिलं करायची, बुडबुड असा आवाज यायचा. नयन विचारायचा, "काय करतेस?" ती म्हणायची, "धुतेय. फिनेलचा वास येतो." आणि माझ्यात थोडं पाणी जायचं.

तुम्हाला सांगतो, आपल्या आत पाणी जाणं ही फार वाईट गोष्ट आहे. हवेला काही म्हणणं नसतं. पाणी डचमळतं, हलतं, बसतं, जागा धरतं. एक घोट, मग पाव, मग अर्धा. नयन एकदा म्हणाला, "आज जड वाटतंय." करिश्मा म्हणाली, "आयेने काल किती भाकऱ्या घातल्या तुला, मी मोजत नव्हते म्हणून काय झालं."

शेवटी मी पूर्ण भरलो. पाण्याने भरलेला डबा पाण्यात तरंगवतही नाही आणि बुडवतही नाही. नुसता असतो. नयन पोहत होता. फेऱ्यांवर फेऱ्या. मग पाठीवर पडून तरंगायचा, हात पसरून, डोळे मिटून. कमळाबाई वरून न्याहारीला हाका मारायची तरी उठायचा नाही. आणि मधेच हात मागे नेऊन मला थोपटायचा. "आहेस ना?"

मी होतो. पण काही करत नव्हतो. तो स्वतःच स्वतःला उचलत होता, वर मलाही ओढत होता, आणि थँक्यू मला म्हणत होता. असं प्रेम कोणाला मिळू नये.

करिश्मा हे त्याला टेस्टच्या दिवशी सांगणार होती. पूलच्या काठावर, सरांसमोर, झाकण उघडून. तिला वाटलं, ऐन वेळी कळलं की भीती एका झटक्यात जाईल. म्हणून आदल्या संध्याकाळी तिने मला तसंच भरलेलं घरी आणलं आणि मोरीजवळ ठेवलं.

आता टँकरवाल्याच्या घरात पाणी असेल असं तुम्हाला वाटेल. नसतं. रघुशेठ घरासाठी टँकर थांबवत नाहीत, गिऱ्हाईक आधी. सकाळी कमळाबाई उठली. नळ कोरडा, पिंपात तळाला गाळ. तिने मला उचललं. जड लागलो.

"आत्ता गं बाय," ती म्हणाली. "पाच लिटर पानी!"

तिने मला ओतलं. भांडी घासली. उरलेल्या पाण्यात रघुशेठचा पंचा पिळला. मग माझ्याकडे बघून तिच्या लक्षात आलं की हा तर पोराचा पोहायचा डबा. ह्यात पाणी आलं कुठून? झाकण गळतंय. पोरगा परीक्षेला चाललाय आणि डबा गळका! तिने मला आतून बाहेरून पुसलं, चुलीजवळ सुकवलं, झाकण लावलं आणि त्याच्यावर एमसील थापलं. अंगठ्याने दाबून दाबून, मोदकाची पारी करतात तसं. मग माझ्यावरून हात फिरवून म्हणाली, "पोराला सांभाल."

सांभाळायचं कसं ते तिने सांगितलं नाही. आणि तिने काय केलं ते कोणालाच सांगितलं नाही, कारण तिच्या मते सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

स्कूटरवर नयन पुढे, करिश्मा मागे, मी पिशवीत नयनच्या पायाशी. मुंब्रा बायपासला ट्रकमागे ट्रक, धुळीने दोघं पांढरे. पूलवर पोचल्यावर नयनने पिशवी एका बोटावर उचलली. करिश्माने बघितलं. तिला वाटलं, पोहून पोहून दाद्याचे हात काय भारी झालेत.

गेटवरच्या वॉचमनने पिशवीत डोकावून वास घेतला. "फिनेलवाले मागच्या गेटने."

"मी टेस्टला आलोय," नयन म्हणाला.

"फिनेलच्या?"

आत गेलो. पूल म्हणजे एक लांबच लांब निळी खोली. सरळ. नयन थोडा वेळ बघतच राहिला. मग त्याने मला पिशवीतून काढून काठावर ठेवलं. सुशांत सर म्हणाले, "हे काय आहे?"

"डबा, सर. बांधणार नाय. नुसता समोर राहू दे."

"राहू दे की." सर खरंच चांगले होते.

नयन शिडी धरून पाण्यात उतरला. तेवढ्यात करिश्मा पुढे आली. तिचा चेहरा असा, की लग्नात वधूला हाराऐवजी साप देणार आहे.

"दाद्या, थांब. तुला एक सांगायचंय. गेले कित्येक दिवस तू ह्या डब्यावर पोहतच नाहीयेस."

"म्हणजे?"

"डबा पाण्याने फुल भरलेला आहे. मी भरलेला. तू स्वतः पोहतोयस. बघ!"

तिने माझ्या झाकणाला हात घातला. थबकली. "हे एमसील कोणी लावलं?" मग स्कूटरच्या चावीने ते खरवडून काढलं, झाकण फिरवलं आणि मला उलटं धरलं.

मी जोर लावला. आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून पाणी मागितलं. एक थेंब पडला असता तरी चाललं असतं.

काही पडलं नाही. थोडा फिनेलचा वास आला.

करिश्माने मला हलवलं. थोपटलं. आत डोळा लावला. "काल भरलेला! आयेशप्पथ! सर, काल फुल भरलेला!"

नयन माझ्याकडे बघत होता. कोरडा, हलका, आतून पुसलेला डबा. त्याला काय कळायचं ते कळलं. इतके दिवस हाच उचलत होता. आपण नव्हतो पोहत.

"राहू दे," तो करिश्माला म्हणाला. "तू चांगल्यासाठी खोटं बोललीस. राहू दे."

"अरे खोटं नाही बोलत मी!"

"भरलेला डबा रिकामा कसा होईल गं?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे होतं.

सर म्हणाले, "आपण आधी पोहून बघू." नयन सुटला. बरा चालला होता. पण सवयीने डावीकडे वळला आणि लेनच्या दोरीला आदळला, तिथेच त्याने हात मागे नेला. पाठीवर काही नव्हतं. त्याने दोरी पकडली. सर म्हणाले परत करा. परत केलं, परत पकडली. तरंगायला पडला तर आधी पाय गेले, मग कंबर, मग नाकात पाणी. शिडीला धरून तो खोकत उभा राहिला. आदल्या दिवशी हाच माणूस विहिरीत झोपायचा बाकी होता.

"काही हरकत नाही," सर म्हणाले. "दिवाळीनंतर पुढची बॅच आहे. तुमचं अंग पाण्याला ओळखतंय हो. या परत."

येताना स्कूटरवर करिश्मा एकदाच मागून म्हणाली, "दिवाळीनंतर जायचं हां." नयन म्हणाला, "मी बुडतो गं. विषय संपला."

घरी कमळाबाईने माझं तोंड उघडं बघितलं. "एमसील निघाला काय?" तिने परत लावलं, ह्या वेळी दुप्पट. करिश्माने तिला विचारलं पण, की आये, डब्यातलं पाणी तू काढलंस का? कमळाबाई म्हणाली, "कंचा पानी? डब्यात पानी कनाला आसंल? तो तं पवाचा डबा." ती खोटं बोलत नव्हती. तिच्या डोक्यातून पाणी गेलेलं, लक्षात होतं ते फक्त झाकण. घरात रोज एवढं पाणी शोधावं लागतं, की कुठलं कुठून मिळालं हे कोण लक्षात ठेवतो.

आता मी विहिरीवर मोटरच्या खांबाला खिळ्यावर टांगलेला आहे. नयन माझ्या खालीच खुर्ची टाकून बसतो. फोन तिथूनच उचलतो. रघुशेठने त्याला नवीन फोन घेऊन दिला, पाण्यात पडला तरी बंद न होणारा. बापाने मुलासाठी एवढा विचार करून घेतलेली ती पहिलीच वस्तू.

परवाची गोष्ट. करिश्मा कामावर गेलेली. मोटर बिघडलेली, म्हणून दोन दिवस उपसा नाही आणि विहीर चांगली वर आलेली. रघुशेठ पाइप बघत होते. नयन वाकून दोर ओढत होता आणि खिशातला फोन सुटून पाण्यात गेला. पडता पडता वाजत होता.

नयनने विचार केला नाही. उडी मारली.

सरळ खाली गेला. पाणी मिटलं. मी खिळ्यावर, माझ्यात हवाच हवा, आणि काहीच करता येत नाही. रघुशेठ पाइप सोडून काठावर आले. खूप वेळ गेला, म्हणजे मला तसा वाटला. मग नयन वर आला, हातात फोन. एक हात वर धरून, दुसऱ्या हाताने पाणी कापत, विहीर ओलांडून तो पायऱ्यांपर्यंत पोहत गेला. आरामात. पायरीवर बसला आणि फोन कानाला लावला.

"हां काकी, ऐकतोय. निघालाय टँकर."

फोन ठेवला. नाकातून पाणी गळत होतं. मग त्याने हळूच पाण्याकडे बघितलं. मग वर माझ्याकडे. माझ्याकडे तो टेस्टनंतर पहिल्यांदाच बघत होता.

"बाबा," तो म्हणाला. आवाज लहान पोरासारखा. "मी आता पोहलो काय?"

रघुशेठने माझ्याकडे बघितलं. मी खिळ्यावर होतो, कोणाच्या पाठीवर नव्हतो, त्यांना स्पष्ट दिसत होतं. मग त्यांनी बंद मोटरकडे बघितलं. दोन टँकरकडे बघितलं. मुलाकडे बघितलं. त्या माणसाचा चेहरा मी इतका म्हातारा कधी बघितला नव्हता.

"खाली पाय टेकले ना तुजे?" त्यांनी विचारलं.

नयनने आठवून बघितलं. "हां. टेकले."

"मंग? पानी हायच किती आता हिरीत. पवतंस कनाला, उबा व्हतास तू."

नयनने नाक पुसलं. मग म्हणाला, "हां. ते पण आहे." आणि शर्ट पिळायला लागला.

पाय टेकले होते, ते खरं. पण त्याच्या डोक्यावर अजून दोन नयन उभे राहिले असते एवढं पाणी होतं.

दिवाळी अजून लांब आहे. करिश्मा अजून रोज सांगते, पण तिचं तो ऐकत नाही. तिने एकदा शपथ घेऊन सांगितलेलं आणि डबा कोरडा निघाला. रघुशेठ सांगणार नाहीत. कमळाबाईला माहीत नाही. राहिलो मी.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. तुम्ही दिव्यात राहत असाल, नळ कोरडा असेल आणि रघुशेठच्या टँकरसाठी फोन लावलात, तर नयनच उचलेल. शिव्या नंतर घाला, तो कुठे जात नाही, तेच तर रडणं आहे. आधी त्याला एवढं सांगा की पोरा, तू उभा नव्हतास. कोण बोलतंय विचारलं तर काहीही नाव सांगा, फक्त डब्याचं सांगू नका. पटकन पटणार नाही त्याला. पण घाई करू नका, टँकर यायला तसाही वेळ लागतो.